मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर नक्की किती, आणि आईला तास किती सांगू?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिचं बाळंतपण नोव्हेंबरच्या शेवटी. आई (वय ६८) पहिल्यांदाच परदेशी निघालीय आणि तीही एकटी. म्हणून थेट विमान घेतलं. ८ नोव्हेंबरची रात्र, म्हणजे तिकिटावर ९ तारीख. मुंबईहून रात्री १:३० ला निघतं, न्यूयॉर्कला ९ तारखेलाच सकाळी ६:४५ ला पोचतं.

आईने तिकीट चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "सव्वापाच तासांत अमेरिका? आणि आपली कोकणकन्या मडगावला पोचायला रात्रभर घेते!"

मी समजवायला गेले आणि माझीच पंचाईत झाली. अंतर शोधलं तर एका ठिकाणी १२,५४०, दुसरीकडे ७,७९०, तिसरीकडे ६,७७०. तिकीट काढून देणारा म्हणाला, "चौदा तास धरा मॅडम." बहीण म्हणते सोळा. आईला काहीतरी एक आकडा सांगायचाय, तिच्या गोळ्यांच्या वेळा त्यावर ठरणार आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खिडकीची_जागा

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

---

पार्ल्याचा_पक्षी

ताई, तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरमधला, दुसरा मैलांमधला, तिसरा नॉटिकल मैलांमधला. विमानवाले आणि जहाजवाले नॉटिकल मैल वापरतात, एक म्हणजे १.८५२ किमी. ६,७७० ला त्याने गुणा, १२,५४० च्या आसपास येईल.

कुठे पाच-दहा किमीचा फरक दिसला तर घाबरू नका. कोणी विमानतळापासून मोजतं, कोणी शहराच्या मध्यापासून. कोणी पृथ्वी गोल धरतं, कोणी ध्रुवांकडे जराशी चपटी (तशी ती आहेच).

---

माजिवडा_जंक्शन

घड्याळाचं मी सांगतो, दर वर्षी माझ्या सासऱ्यांना सांगावं लागतं.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात. म्हणजे तुमच्या आई निघतील तेव्हा न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असेल (उन्हाळ्यात साडेनऊ असतं). तिथले सकाळचे ६:४५ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:१५. रात्री १:३० ते संध्याकाळी ५:१५, झाले पावणेसोळा तास. बहीण जिंकली.

येताना उलटी गंमत. तिथून दुपारी १२ ला निघालं तर आपल्याकडे रात्रीचे १०:३० झालेले असतात. सव्वाचौदा तास मिळवले की मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे पावणेएक. तारखा मोजणारा म्हणतो दिवस गेला. गेला कुठे? जाताना उधार मिळाला होता, तो परत केला.

---

शेवंती

बापरे, इतक्या लवकर उत्तरं! आईला पावणेसोळा सांगितले. ती म्हणाली, "मग सोळाच सांग की, पाव तासाचं काय लोणचं घालायचं?"

आता तिचा दुसरा प्रश्न. भाचा तिला मोबाइलवर विमानाचा मार्ग दाखवत होता. न्यूयॉर्क पश्चिमेला, मग विमान आधी उत्तरेला का चढतं? तिचं म्हणणं, ड्रायव्हर मीटर वाढवतोय.

---

कोटिज्या

आईंचा संशय रास्त आहे, पण ड्रायव्हर निर्दोष आहे.

शाळेतल्या भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी लावली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरते. सरळ दिसते खरी. पण त्या रेघेने खरोखर गेलात तर साधारण १४,२०० किमी होतात. म्हणजे पट्टी लावणाराच सतराशे किमीचं मीटर वाढवतो. नकाशा सपाट करताना उत्तरेकडचे प्रदेश ओढून रुंद केलेले असतात, त्यामुळे वरून जाणारा जवळचा रस्ता लांबचा वाटतो.

हिशोब हवा असेल तर: मुंबई विमानतळ १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.७ अंश. दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा (साइनचा) गुणाकार, अधिक दोन्ही कोटिज्या (कोसाइन) गुणिले रेखांश-फरकाची कोटिज्या. यातून पृथ्वीच्या केंद्राशी कोन निघतो ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किमी. गुणा: १२,५३२. वर पक्षीराजांनी दिलेला १२,५४० हा चपटी पृथ्वी धरून आहे, म्हणून किंचित जास्त.

मी उत्सुकतेपोटी हा मार्ग टप्प्याटप्प्याने काढला. सिंध, कंदाहारच्या जवळून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्को, जवळजवळ हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडॉर आणि न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेला जवळपास ६५ अंश. मुंबईहून निघताना विमानाचं तोंड पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त असतं, उत्तरेपासून जेमतेम २७ अंश डावीकडे.

अर्थात हा कागदावरचा मार्ग. प्रत्यक्षात काय होतं ते कोणी विमानवाला सांगेल.

---

शेवंती

कोटिज्या, ते ज्या आणि कोटिज्या माझ्या डोक्यावरून गेलं. पण "जवळजवळ मॉस्को" वाचून दाखवल्यावर आईने काय केलं सांगू? भाच्याचा पृथ्वीगोल घेतला. बाळाच्या टोपड्यासाठी आणलेल्या लोकरीचा धागा मुंबईवर अंगठ्याने दाबला, दुसरं टोक न्यूयॉर्कवर ताणून धरलं. धागा आपोआप वर सरकला. मॉस्कोजवळून गेला हो!

मग पट्टीने मोजला. साडेएकोणीस सेंटिमीटर. गोलाचा व्यास वीस सेंटिमीटर आहे. आता पुढचं कोणी सांगा.

---

कोटिज्या

व्यास २० म्हणजे घेर साधारण ६३ सेंमी. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी. एक सेंटिमीटर म्हणजे ६३७ किमी. साडेएकोणीस गुणिले ६३७ म्हणजे सुमारे १२,४२०. लोकरीने मोजून एक टक्क्याची चूक! आईंना साष्टांग नमस्कार सांगा. धाग्यावरचा सर्वोत्तम धागा.

---

भोचक_भवानी

मला एक कळत नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणजे न्यूयॉर्क आपल्याकडेच सरकत येतंय. मग जाताना वेळ कमी लागायला हवा, येताना जास्त. इथे उलटंच चाललंय. विमान वर नुसतं थांबवून ठेवलं तर काय होईल?

(हलके घ्या. पण प्रश्न खरा आहे.)

---

पार्ल्याचा_पक्षी

भवानीताई, कर्जत फास्टमध्ये चणेवाला डब्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो. गाडी ८० च्या वेगाने पळतेय म्हणून त्याला एका दिशेला कमी पावलं पडतात का? नाही. तोही गाडीबरोबरच पळतोय.

पृथ्वीचं तसंच. आपल्या अक्षांशावर जमीन तासाला साधारण १,५८० किमीने फिरते, आणि हवा, झाडं, रनवे, विमान सगळं तिच्यासोबत. हवा मागे राहत असती तर मरीन ड्राइव्हवर उभं राहता आलं नसतं.

---

भोचक_भवानी

बरं. मग येताना दीड तास कमी कसा?

---

सहार_निवृत्त

इथे मी येतो. तीस वर्षं विमानतळावर काढली, त्यातली बरीचशी फ्लाइट डिस्पॅचमध्ये. विमान सुटण्याआधी कुठून जायचं, किती उंचीवर, किती इंधन घ्यायचं हा कागद बनवणं हे आमचं काम. आता गुडघे दुखतात आणि नातवंडं विमानाबद्दल विचारत नाहीत, त्यामुळे लांबड लावली तर माफ करा.

उत्तर एका शब्दात: वारा.

दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, तासाला दोनशे किमीच्या वर सहज. हिवाळ्यात एक पट्टा उत्तर भारतावरूनही जातो. पंजाबात रब्बीला पाऊस देणारे पश्चिमी विक्षोभ त्याच वाऱ्यांबरोबर येतात. १९२० च्या दशकात ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्याने तो अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, मग कोण वाचतंय! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर जपानवर उंचावरून जायला लागले आणि वाऱ्याने त्यांची बॉम्बफेक भलतीकडेच जायला लागली, तेव्हा जगाला पत्ता लागला.

आता हिशोब. वारा अजिबात नसेल आणि विमान ९०० ने चाललं, तर १२,५४० किमीला चौदा तासांना थोडे कमी. तिकीटवाल्याने हाच भागाकार केला असणार. जाताना सरासरी ८० किमीचा समोरचा वारा धरा, वेग उरला ८२०, वेळ पंधरा तास अठरा मिनिटं. येताना तोच वारा पाठीमागून, वेग ९८०, वेळ बारा तास अठ्ठेचाळीस मिनिटं. वारा आणि अंतर तेच, फरक अडीच तासांचा. आणि दोन्हींची बेरीज करून बघा, वारा नसतानापेक्षा थोडी जास्तच भरते, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून राहता. दादरच्या पुलावर संध्याकाळी गर्दीच्या उलट चालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आम्ही कधी किलोमीटरवर बोललोच नाही. जमिनीवरचं अंतर वेगळं, हवेतलं वेगळं. समोरून वारा असेल तर विमान जमिनीवर १२ हजार किमी पुढे सरकताना हवेत तेराहून जास्त कापतं, आणि इंधन त्या तेराला लागतं. वारा वाईट असेल तर आम्ही चारपाचशे किमी लांबचा रस्ता मुद्दाम घ्यायचो आणि वीस मिनिटं वाचवायचो. अटलांटिकवर तर हवाई रस्ते रोज नव्याने आखतात, वारे बघून. एका बाजूला कॅनडातलं गॅंडर, दुसऱ्या बाजूला शानविक, ही दोन केंद्रं ते ठरवतात. युरोपातून जाणारी गर्दी वाऱ्याला चुकवत वेगळ्या पट्ट्यात, येणारी त्याच्यावर स्वार होऊन वेगळ्या पट्ट्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच एका वादळी रात्री ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी सहा-साडेसहा लागतात.

दुसरी गोष्ट, तिकिटावरचे पावणेसोळा तास म्हणजे उडण्याचे तास नव्हेत. तो ब्लॉक टाइम. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना कापतात, त्यामुळे दोन असून बहुतेक वेळा एकच चालतो. रात्री एक-दोनच्या सुमारास परदेशी विमानांची रांग असते. त्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली तर नवल नाही.

तिसरी गोष्ट कोटिज्यांच्या सुंदर रेघेवर पाणी ओतणारी आहे. उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

---

खिडकीची_जागा

जेवून आलो तर इथे महाभारत. रुमाल वाया गेला नाही.

---

दिल्लीत_रमलेली

सहारकाका लिहितीलच, तोवर मी अंदाज बांधते. पाकिस्तान, बरोबर? आम्हाला इथे दिल्लीत त्याचा चांगलाच फटका बसलाय.

---

सहार_निवृत्त

अगदी बरोबर. त्या रेघेचा पहिलाच थांबा सिंध. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केलीय, आपणही त्यांना केलीय. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही असंच झालं होतं, फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैपर्यंत. दोन्ही वेळा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं.

मुंबईचं नशीब त्या मानाने बरं. आपल्या पायाशी समुद्र आहे. अरबी समुद्रावरून सरळ ओमानकडे निघायचं आणि तिथून वर वळायचं. मस्कतवरून गेलं असं धरलं तर अंतर साधारण १२,९०० होतं, म्हणजे सरळ रेघेपेक्षा चारशेच्या आत-बाहेर जास्त, अर्ध्या तासाचा मामला. दिल्लीवाल्यांना मात्र आधी दक्षिणेला खाली यायचं, मग पश्चिमेला. पुढे आखातात काही पेटलेलं असेल तर हेही गणित बदलतं.

रशियाचं वेगळंच. २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना उघडं. एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या रस्त्याने का जातात याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

---

दिल्लीत_रमलेली

"दक्षिणेला खाली यायचं" याला आम्ही इथे "आधी अहमदाबाद बघायचं" म्हणतो.

---

रानजाई

सर्वांत लांबचं विमान हेच का? मुलाला प्रकल्प आहे.

---

पार्ल्याचा_पक्षी

नाही नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क १५,३०० किमीच्या पुढे आहे, साडेअठरा तासांच्या आसपास. आपल्याकडचं म्हणाल तर जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला चमूने सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणलं होतं. सरळ अंतर १४ हजार, उडाल्या सोळाच्या आसपास. सहारकाका म्हणतात तेच, जवळचा रस्ता आणि बरा रस्ता एक नसतात.

---

गिरगावचा_नातू

अवांतर: माझे आजोबा १९५२ मध्ये बॅलार्ड पियरवरून बोटीने लंडनला गेले होते. सतरा दिवस. एडनला उतरून पत्र टाकलं, ते आजी वारली तेव्हा तिच्या ट्रंकेत मिळालं. त्यात अंतराचा उल्लेख नाही, फक्त "सुएझमध्ये बोट बैलगाडीच्या गतीने चालते" एवढंच. शाळेत आपण पाठ करायचो, सुएझमुळे भारत-युरोप अंतर सात हजार किमीने कमी झालं. ती बैलगाडी केपला वळसा घालण्यापेक्षा बरीच म्हणायची.

विमान तेव्हाही होतं. एअर इंडियाची पहिली परदेशी खेप ८ जून १९४८ ची, मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन. विमानाचं नाव मलबार प्रिन्सेस. न्यूयॉर्कला एअर इंडिया जाऊ लागली १९६० मध्ये, बोइंग ७०७ घेतल्यावर, लंडनमार्गे.

अति-अवांतर: आजोबांच्या डायरीत "मुं. टा." आणि "स्टॅं. टा." अशा दोन वेळा असत. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ३९ मिनिटं मागे. एकाच शहरात दोन वेळा चालवणाऱ्या माणसांना तिकीट समजावून सांगायची गरज पडली नसती.

---

माजिवडा_जंक्शन

सुंदर प्रतिसाद, नातू. पण मंडळी, धागा आकाशात गेलाय, जमिनीवर आणतो. ताई डोंबिवलीच्या ना? मग १२,५४० किमीची चिंता सोडा, डोंबिवली ते टर्मिनल दोन या ४० किमीची करा. शनिवारची रात्र आहे. माणकोली पुलावरून नाशिक हायवेला लागा, माजिवड्याला (माझ्या घराखाली) अडकाल, मग पूर्व द्रुतगती, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. दोन तास धरा. ताशी वीस किमी. घराला कुलूप साडेआठला.

---

शेवंती

साडेआठ जमणार नाही! खरी अडचण आता सांगते, लाजत होते. ८ तारखेला संकष्टी आहे. आई चाळीस वर्षं करते. चंद्र बघितल्याशिवाय ती जेवणार नाही, आणि उपाशी विमानात बसवायचा मला धीर नाही.

---

कोटिज्या

पंचांगात डोंबिवलीची वेळ बघा, साडेआठनंतरच असेल. चंद्रदर्शन, नैवेद्य, चार घास, सव्वानऊला निघा. अकराला टर्मिनलवर, म्हणजे अडीच तास आधी. काठावर आहे पण व्हीलचेअर मदत मागितली असेल तर जमेल.

आणि एक गंमत. मुंबईत त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळेल. न्यूयॉर्कला दुसऱ्या दिवशी साडेसहानंतर उगवेल, आपल्या घड्याळाने संध्याकाळी पाच. विमान रात्रीसोबत पश्चिमेला पळणार, म्हणजे आईंची ती रात्र तेवीस तासांची. चतुर्थीचा चंद्र जवळजवळ सगळ्या वाटेवर सोबत असेल. युरोपनंतर डावीकडच्या खिडकीतून दिसावा.

---

भोचक_भवानी

तेवीस तासांची संकष्टी. पुण्यही त्या प्रमाणात मिळतं का? (हलके घ्या.)

---

रानजाई

गोळ्यांचं राहिलंच. माझ्या सासूबाईंच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, विमानात मुंबईच्याच घड्याळाने घ्या, तिथे पोचल्यावर हळूहळू तिथल्या वेळेवर आणा. पण रक्तदाबाची गोळी वेगळी, इन्सुलिन वेगळं. तुमच्या डॉक्टरांना तिकीट दाखवून विचारा. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नकोत. जागा कडेची घ्या, दर दोन तासांनी उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फेरी मारायला सांगा, पाणी पीत राहायला सांगा. पाय सुजतात, आणि नुसतं बसून राहिलं तर त्याहून वाईट होऊ शकतं.

---

शेवंती

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी कागदावर दोन घड्याळं काढून दिली, एक मुंबईचं, एक न्यूयॉर्कचं, आणि गोळ्यांची चित्रं. आईने तो कागद लॅमिनेट करून घेतलाय.

---

शेवंती (१२ नोव्हेंबर)

उशिरा लिहितेय, क्षमस्व. आई पोचली.

हिशोब देते, तुम्ही सगळे वाट बघत असाल. चंद्र दिसला पावणेनऊला, समोरच्या टॉवरच्या आडून. सव्वानऊला निघालो, माजिवड्याला वीस मिनिटं अडकलो (जंक्शन, तुमची आठवण काढली). टर्मिनलवर अकरा वाजून पाच. विमान जागचं हललं १:५० ला, उडालं २:२० ला, सहारकाका म्हणाले तशी रांगच होती. टेकलं तिथल्या ६:३५ ला. म्हणजे हवेत चौदा तास पंचेचाळीस मिनिटं. इमिग्रेशनच्या रांगेत एक तास पन्नास मिनिटं, मग एडिसनपर्यंत गाडी. बहिणीच्या दारात तिथले १०:०५.

डोंबिवलीच्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत तेवीस तास वीस मिनिटं. तिकीटवाल्याचे चौदा, बहिणीचे सोळा, आईने आता सगळ्यांना "एक दिवस" सांगायला सुरुवात केलीय.

जागा कडेची होती म्हणून खिडकी नव्हती. फेरी मारायला मागे गेली तेव्हा पॅन्ट्रीजवळच्या दाराच्या छोट्या गोल खिडकीतून तिला चंद्र दिसला. हवाईसुंदरीला म्हणाली, "आमच्या डोंबिवलीतूनच आलाय." मराठीत. त्या मुलीने हो म्हटलं म्हणे.

---

सहार_निवृत्त

चौदा पंचेचाळीस म्हणजे वारा मवाळ होता. येताना कधी आहे? जानेवारी असेल तर तेराच्या आत आणेल बघा.

---

शेवंती

मार्चमध्ये, काका.

---

सहार_निवृत्त

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुन्हा पुढे जातात. त्याच्या आधी की नंतर?

---

शेवंती

थांबा, तिकीट बघते.

---

खिडकीची_जागा

याच धाग्यावर विचारतो: मुंबई ते मेलबर्न, बाबांना घेऊन, फेब्रुवारीत. तेही वर चढून जातं का?

---

कोटिज्या

वेगळा धागा काढा हो. आणि लोकर घेऊन बसा.